ऑनलाइन खेळांतील स्क्रिप्ट-साधनांचा इतिहास : ‘मड’पासून तत्काळ तिकिटाच्या रांगेपर्यंत

सारांश :

ऑनलाइन खेळांत खेळाडूऐवजी स्वतःच आज्ञा देणाऱ्या लहान आज्ञावलींचा, म्हणजेच ‘स्क्रिप्ट’चा, वापर इ.स. १९९० च्या सुमारास सुरू झाला. या साधनांचा उगम, त्यांचा प्रसार, त्यांच्याविरुद्ध योजलेले तांत्रिक व कायदेशीर उपाय आणि त्या उपायांचा प्रामाणिक वापरकर्त्यांवर पडलेला भार यांचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे. हेच तंत्र भारतात रेल्वेच्या तत्काळ आरक्षणात कसे अवतरले, याचेही विवेचन केले आहे. खेळातील फसवणुकीचा इतिहास हा सार्वजनिक न्यायाच्या प्रश्नाचाच पूर्वेतिहास आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्क्रिप्ट, मॅक्रो, बॉट, ऑनलाइन खेळ, न्याय्य स्पर्धा, तत्काळ आरक्षण.

१. प्रस्तावना :

इगतपुरी हे घाटमाथ्यावरील रेल्वेचे गाव आहे. इ.स. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून या गावाचे जीवन रेल्वेशी बांधलेले आहे. कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ स एक इतका तीव्र असल्यामुळे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर देणारी जादा इंजिने लावण्याची पद्धत येथे रूढ झाली. या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. गाडी स्वतःच्या बळावर घाट चढत नाही, ही गोष्ट कोणापासून लपवलेली नसते. बँकर रेल्वेच लावते, सर्वांच्या देखत लावते आणि घाट संपताच काढून घेते.

साहाय्य घेणे आणि फसवणूक करणे यांतील भेद समजून घेण्यास हे उदाहरण उपयोगी पडते. ऑनलाइन खेळांच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. संगणकाची मदत तर प्रत्येकच खेळाडू घेतो. मग कोणती मदत न्याय्य आणि कोणती अन्याय्य? मराठीत या विषयाची चर्चा बहुधा ‘मुलांचे व्यसन’ या एकाच अंगाने होते. या साधनांकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याचा प्रयत्न क्वचितच झालेला दिसतो. ती उणीव अल्पांशाने भरून काढणे, हा या लेखनामागील हेतू आहे.

२. शोधनिबंधाची उद्दिष्टे :

१) खेळातील स्क्रिप्ट-साधनांच्या विकासाचे टप्पे निश्चित करणे.
२) त्यांच्याविरुद्ध योजलेल्या उपायांचे स्वरूप व मर्यादा तपासणे.
३) भारतातील, विशेषतः रेल्वे आरक्षणातील, समांतर अनुभवाशी त्यांचा संबंध जोडणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

३. उगम : शब्दांचे खेळ आणि पहिल्या स्क्रिप्ट :

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी इ.स. १९७८ पासून ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा संगणकीय खेळ घडवला. त्यात चित्रे नव्हती. खेळाडू ‘उत्तरेकडे जा’, ‘तलवार उचल’ अशा आज्ञा टंकलिखित करी आणि उत्तरही शब्दांतच मिळे. पुढे अशा खेळांची एक परंपराच निर्माण झाली व त्यांच्यासाठी स्वतंत्र ‘क्लायंट’ आज्ञावली तयार झाल्या. ‘टायनीफ्यूग’ आणि ‘झेडमड’ ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत.

या क्लायंटमध्ये ‘ट्रिगर’ नावाची सोय होती. पडद्यावर विशिष्ट वाक्य उमटले की ठरलेली आज्ञा आपोआप पाठवावी, असे खेळाडूला आधीच लिहून ठेवता येई. ‘तुला भूक लागली आहे’ असे वाक्य येताच ‘भाकरी खा’ ही आज्ञा जावी, इतका हा साधा व्यवहार होता. मात्र अशा दहा-वीस ट्रिगरांची साखळी जोडली की खेळाडू झोपला असतानाही त्याचे पात्र रात्रभर लढत राही. काही मडच्या चालकांनी याला हरकत घेतली नाही, तर काहींनी ‘खेळाडू जागेवर असलाच पाहिजे’ असा नियम केला. पुढील सर्व वादांचे बीज येथेच पडले, असे म्हणता येईल.

४. विस्तार : इ.स. १९९६ ते २००४ :

खेळ चित्रमय झाले आणि इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले, तशी ही साधने दोन दिशांनी वाढली.

पहिली दिशा वेगाची होती. ‘क्वेक’ (इ.स. १९९६) या नेमबाजीच्या खेळात अनेक हालचाली एका कळीवर बांधण्याची सोय खेळानेच दिलेली होती. तिच्याच जोडीला खेळाडूऐवजी स्वतः नेम धरणाऱ्या आज्ञावलीही आल्या. मानवी हाताला जो नेम साधण्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागे, तो यंत्र क्षणार्धात साधू लागले. यावर उपाय म्हणून इ.स. २००० मध्ये ‘पंकबस्टर’ आणि इ.स. २००२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीची ‘व्हॅक’ ही फसवणूक शोधणारी प्रणाली अस्तित्वात आली.

दुसरी दिशा श्रमाची होती. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये खाणीतून धातू काढणे, लाकूड तोडणे अशी कामे हजारो वेळा करावी लागत. ‘ईझीयूओ’सारख्या साधनांनी त्यासाठी स्वतःची स्क्रिप्ट-भाषाच उपलब्ध करून दिली. चालक कंपनीने ‘यूओअसिस्ट’ या साहाय्यक साधनास मान्यता दिली. परंतु खेळाडू जागेवर नसताना मॅक्रो चालवण्यास बंदी घातली. मदत चालेल, गैरहजेरी चालणार नाही, असा हा निवाडा होता.

‘डायब्लो’ या खेळाचा धडा निराळा होता. पहिल्या ‘डायब्लो’मध्ये पात्राची माहिती खेळाडूच्या स्वतःच्या संगणकावर साठवली जाई, त्यामुळे तिच्यात हवा तो फेरफार करता येई. ही चूक सुधारून इ.स. २००० मध्ये आलेल्या ‘डायब्लो २’मध्ये ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे माहिती बदलण्याचा मार्ग बऱ्याच अंशी बंद झाला. मग फसवणूक करणारे खेळाडूच्या वतीने खेळण्याच्या मार्गाकडे वळले. ‘डी२जेएसपी’ हे साधन या खेळात जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञा चालवू देई. एकच शत्रू पुन्हा पुन्हा मारून मौल्यवान वस्तू गोळा करणाऱ्या स्क्रिप्ट लोक एकमेकांना देऊ लागले. स्क्रिप्ट लिहिणारा थोडा जाणकार, वापरणारे असंख्य अजाण, ही विभागणी येथे स्पष्ट होते. फसवणुकीसाठी कौशल्य लागण्याची गरजच आता उरली नाही.

५. व्यापार, न्यायालय आणि ‘वॉर्डन’ :

खेळातील नाणी खऱ्या पैशांना विकली जाऊ लागली, तेव्हा स्क्रिप्ट हे उत्पन्नाचे साधन बनले. ‘रूनस्केप’ या ब्रिटिश खेळात बॉटचा सुळसुळाट झाल्याने जॅगेक्स कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये व जानेवारी २००८ मध्ये खेळाडूंमधील मुक्त देवाणघेवाणच बंद केली. यामुळे नाण्यांचा काळाबाजार आक्रसला, पण आपल्या मित्राला एखादी वस्तू भेट देण्याचा साधा आनंदही प्रामाणिक खेळाडूंनी गमावला. त्यांच्या नाराजीनंतर फेब्रुवारी २०११ मध्ये ही मुभा पुन्हा देण्यात आली. बॉट परतले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने एकाच दिवसात सुमारे १५ लाख खाती बंद केली. रोगापेक्षा औषध जड होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (इ.स. २००४) या खेळाने वेगळा मार्ग पत्करला. पडद्याची मांडणी बदलण्यासाठी लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहिण्याची मुभा त्याने खेळाडूंना अधिकृतपणे दिली. काही स्क्रिप्ट मात्र कोणावर कोणता मंत्र टाकावा हेही स्वतःच ठरवू लागल्या. तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये नियम बदलून, स्क्रिप्टने माहिती दाखवावी पण लढाईतील निर्णय माणसाच्या कळ दाबण्यावरच राहावा, अशी तांत्रिक मर्यादा घालण्यात आली. मदतीची रेषा कोठे आखावी, या प्रश्नाला या कालखंडात मिळालेले हे सर्वांत विचारपूर्वक उत्तर होय.

त्याच खेळासाठी अमेरिकेतील एमडीवाय इंडस्ट्रीज या कंपनीने ‘ग्लायडर’ नावाचा बॉट विकला. मालक अनुपस्थित असताना तो पात्राची पातळी वाढवीत असे. ब्लिझार्ड कंपनीने न्यायालयात दाद मागितली. अपील न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी दिलेला निर्णय अभ्यसनीय आहे. खेळाच्या अटी मोडणे म्हणजे आपोआप स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. परंतु कंपनीची ‘वॉर्डन’ ही पहारेकरी प्रणाली चुकवणे हे तांत्रिक संरक्षण भेदण्याविरुद्धच्या कायद्याचे उल्लंघन ठरवले. ‘वॉर्डन’ हीदेखील वादातीत नव्हती. खेळाडूच्या संगणकावर चालू असलेल्या इतर गोष्टी ती तपासते, म्हणून खासगीपणाच्या पुरस्कर्त्यांनी इ.स. २००५ मध्येच तिच्यावर टीका केली होती. चोर पकडण्यासाठी प्रत्येकाच्या घराची झडती घ्यावी काय, असा हा प्रश्न होता. पुढे इ.स. २०२० मध्ये रायट कंपनीच्या ‘व्हॅनगार्ड’ने संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातच पहारा बसवला, तेव्हा हा वाद अधिक तीव्र झाला.

६. अलीकडचा कालखंड :

‘रोब्लॉक्स’ (इ.स. २००६) या व्यासपीठावर खेळाडूच लुआ भाषेत खेळ रचतात. बाहेरून आणलेली स्क्रिप्ट चालू खेळात घुसवणारी ‘एक्झिक्यूटर’ नावाची साधने येथे लहान मुलांमध्येही पसरली. इ.स. २०१८ मध्ये कंपनीने, एका खेळाडूच्या संगणकावर झालेला बदल सर्व्हरच्या संमतीवाचून इतरांपर्यंत पोहोचणार नाही, ही व्यवस्था सर्व खेळांना सक्तीची केली. इ.स. २०२२ मध्ये तिने ‘बायफ्रॉन’ ही फसवणूकविरोधी कंपनीच विकत घेतली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ने कळफलकातच बसवलेल्या, दोन हालचालींचा मेळ आपोआप घालणाऱ्या सोयींवर बंदी आणली. म्हणजे साधन आता आज्ञावलीतून यंत्राच्या अंगात शिरले होते. दक्षिण कोरियाने तर अशी साधने बनवणे व वितरित करणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरवला. तो कायदा इ.स. २०१७ पासून अमलात आला.

७. भारतीय संदर्भ :

भारतात ऑगस्ट १९९५ मध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत ‘काउंटर-स्ट्राइक’ रुजला. मार्च २०१८ मध्ये आलेल्या ‘पबजी मोबाइल’ने खेळ शहराबाहेर, खेड्यापाड्यांतील मोबाइलवर नेला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याची जागा घेणारा ‘बीजीएमआय’ आला व फसवणुकीबद्दल बंद केलेल्या खात्यांचे आकडे त्याची चालक कंपनी जाहीर करू लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील आशियाई स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’ संघाच्या एका खेळाडूच्या संगणकावर नेम साधून देणारी आज्ञावली सापडली. तिला ‘वर्ड’ या लेखन-आज्ञावलीचे नाव देऊन लपवले होते. संघ बाद झाला, नंतर विसर्जितही झाला आणि खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. एकाच्या गैरकृत्याची किंमत चार निर्दोष सहकाऱ्यांनी मोजली.

येथे आपल्या कायद्याच्या इतिहासाचा विचार करणे आवश्यक आहे. इ.स. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ बंदीतून वगळले होते. इ.स. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य व जुगार यांतील भेद स्पष्ट केला. इ.स. १९६७ मध्ये रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ पुढे याच भेदाच्या आधारावर उभे राहिले. या सर्व विवेचनात एक गृहीतक अनुच्चारित होते. ते म्हणजे कौशल्य माणसाचे असते. समोर माणसाऐवजी स्क्रिप्ट बसली असेल, तर खेळ नावापुरताच कौशल्याचा राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा जुना भेद बाजूला सारला आणि कौशल्य असो वा दैव, असे सर्व खेळ निषिद्ध ठरवले.

८. खेळाबाहेर : तत्काळ तिकिटाची रांग :

स्क्रिप्टचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र खेळाबाहेर झाला. रेल्वेची तत्काळ योजना डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झाली व ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवरील आरक्षण खुले केले. तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते. जागा मोजक्या, इच्छुक असंख्य आणि क्षण एकच. ही रचना वेगाच्या खेळाचीच आहे. त्यामुळे तेथे वेगाचीच साधने आली. प्रवाशांची नावे आधीच भरून ठेवणे, ठरलेल्या क्षणी अनेक खात्यांतून एकदम अर्ज पाठवणे, माणूस ओळखण्यासाठी ठेवलेली अक्षरे वाचण्याची परीक्षा चुकवणे, ही या साधनांची कामे होती. मडमधील ट्रिगरहून त्यांचे तत्त्व भिन्न नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने, पूर्वी आयआरसीटीसीत काम केलेल्या आपल्याच एका साहाय्यक प्रोग्रामरला ‘निओ’ नावाचे असे साधन बनवल्याच्या आरोपावरून अटक केली. इ.स. २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने ‘एएनएमएस’, ‘रिअल मँगो’ इत्यादी साधनांविरुद्ध मोहिमा राबवल्या. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ अन्वये तिकिटांच्या अनधिकृत व्यवसायास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. इंटरनेटपूर्वीच्या काळातील हे कलम ई-तिकिटांनाही लागू होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी दिला.

रेल्वेने जून २०२५ मध्ये जाहीर केलेली माहिती डोळे उघडणारी आहे. आरक्षण उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशाच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असत, असे तीत नमूद होते. अडीच कोटी खाती बंद करण्यात आली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ आरक्षण आधार-पडताळणी झालेल्या खात्यांपुरते मर्यादित झाले, १५ जुलैपासून त्यास ओटीपीची जोड मिळाली आणि अधिकृत दलालांना पहिली ३० मिनिटे मज्जाव करण्यात आला.

खेळांच्या इतिहासाशी हे ताडून पाहिले असता क्रम तोच दिसतो : आधी सर्व्हरची क्षमता वाढवणे, मग शोध व खातेबंदी, मग कायदा आणि शेवटी प्रत्येक व्यक्तीची ओळख तपासणे. फरक पणाला लागलेल्या वस्तूचा आहे. खेळात हरलेला पुन्हा खेळू शकतो. परंतु आजारी आईला भेटण्यासाठी रात्रीच्या गाडीने निघू पाहणाऱ्या प्रवाशाला दुसरा डाव नसतो. रांगेत तो प्रामाणिकपणे उभा असतो. मात्र ती रांग यंत्रांनी आधीच संपवलेली असते.

उपायांच्या भाराचा विचारही याच जागी करावा लागतो. ‘रूनस्केप’च्या प्रामाणिक खेळाडूंनी मुक्त देवाणघेवाण गमावली, तसा येथे भार कोणावर पडतो? इगतपुरीसारख्या डोंगराळ तालुक्यातील ज्या प्रवाशाचा मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला नाही, ज्याच्या पाड्यावर त्या नेमक्या मिनिटाला नेटवर्क नसते, त्याच्यावर तो पडतो. असा प्रवासी दलालाकडे जात होता तो लबाडीसाठी नव्हे, तर त्याला यंत्राची भाषा येत नव्हती म्हणून. बॉट हटवताना हा माणूस रांगेतून हटणार नाही, याची काळजी घेणे हे न्यायाचे अर्धे काम आहे.

९. निष्कर्ष :

१) स्क्रिप्ट-साधनांचा उगम फसवणुकीत नसून कंटाळवाण्या कामातून सुटका मिळवण्याच्या इच्छेत आहे. जेथे खेळाची रचना निरर्थक पुनरावृत्ती लादते, तेथे ही साधने हटकून वाढतात.

२) केवळ तांत्रिक प्रतिबंधाने हा प्रश्न सुटलेला नाही. ‘डायब्लो २’पासून आजवर प्रत्येक उपायाने साधनाचे रूप बदलले, त्याचा अंत केला नाही.

३) टिकाऊ ठरलेले उपाय दोन प्रकारचे आहेत : निर्णयाचा अधिकार वापरकर्त्याच्या यंत्राकडे न ठेवता सर्व्हरकडे ठेवणे आणि कोणती मदत चालेल ते स्पष्टपणे जाहीर करणे.

४) प्रत्येक कठोर उपायाचा काही भार निर्दोष व्यक्तींवर पडतो. तो मोजल्याविना उपायाचे यश ठरवता येत नाही.

५) तत्काळ आरक्षणासारख्या सार्वजनिक सेवेत ‘सर्वांत वेगवान त्याला जागा’ ही रचनाच बॉटला आमंत्रण देते. ठराविक मुदतीत आलेल्या सर्व अर्जांतून सोडत काढण्यासारखे, वेगाला किंमत न देणारे पर्याय अभ्यासले जाणे आवश्यक वाटते.

१०. समारोप :

घाट चढणाऱ्या गाडीला लावलेला बँकर सर्वांना दिसतो, गरज असलेल्या सर्व गाड्यांना मिळतो आणि रेल्वेच्या नियमाने चालतो. म्हणून त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. स्क्रिप्ट लपून लावली जाते, काहींनाच मिळते आणि नियम मोडून चालते. मदत यंत्राची आहे की माणसाची, यावर न्याय अवलंबून नाही. ती उघड आहे काय आणि सर्वांना सारखी आहे काय, यावर तो अवलंबून आहे. ऑनलाइन खेळांच्या इतिहासाने दिलेला हा धडा खेळापुरता राहू नये, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.